पायऱ्यांवरचा वर्ग

४ सप्टेंबर, बुधवार

आजपासून लिहायचं. ही कल्पना माझी नाही, ह्यांची. काल जेवताना मी बोलत होते आणि हे मान खाली घालून जेवत होते. शेवटी पाण्याचा घोट घेऊन म्हणाले, "अगं, माझं डोकं खाण्यापेक्षा एखाद्या वहीचं खा. ती तरी जांभया देणार नाही." निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी ह्यांच्यातला गणिताचा मास्तर काही जात नाही.

तर आजचं. व्यवस्थापन परिषदेनं संध्याकाळचे वर्ग या सत्रानंतर बंद करायचा ठराव केला. कुलगुरू म्हणून मीही हात वर केला. दिवसा नोकरी करणाऱ्यांसाठी हे वर्ग कधीकाळी सुरू झाले. आता बाकं जास्त आणि माणसं कमी, आणि जी आहेत ती चाळिशी-पन्नाशीची. ज्यांचं शेवटचं वर्ष आहे त्यांना दिवसाच्या वर्गात सामावून घेऊ, असं ठरावात स्पष्ट लिहिलंय. कुणावर अन्याय नाही.

थोडी कुरकुर होईल. होऊ दे. मी तयारी करणारी बाई आहे.

८ सप्टेंबर, रविवार

बारकी आली होती. माझी धाकटी बहीण, एक्कावन्न वर्षांची झाली तरी घरात बारकीच. चष्म्याच्या दुकानात नोकरी करते, एकटी राहते. आईचं शेवटपर्यंत तिनंच केलं. आल्या आल्या माझ्या नाकावरचा चष्मा काढून घेतला, "किती सैल झालाय ताई, पुस्तकात पडेल एक दिवस," म्हणाली आणि पर्समधून बारीक स्क्रूड्रायव्हर काढून बसली.

मग बोलता बोलता म्हणाली, "दिवसाच्या वर्गात सामावून घेणार म्हणजे काय गं? ज्याची नोकरी दहा ते सहा आहे त्यानं काय करायचं?"

"तुला कुठून कळलं?"

"दुकानात गिऱ्हाइकं बोलतात की."

मी म्हटलं, "ज्याला खरंच शिकायचं असतं तो काढतो मार्ग. रजा काढावी, पाळी बदलून घ्यावी. नाहीतर एवढी वर्षं कशाला वाया घालवायची?"

ती "हं" म्हणाली आणि स्क्रू आवळत राहिली. जरा जास्तच आवळला. संध्याकाळभर कानामागे दुखत होतं.

तिला काय सांगायचं म्हणा. अभ्यासाची गोडी तिला कधी नव्हतीच. बाबांचं आजारपण निघालं तेव्हा दुसऱ्या वर्षातच तिनं कॉलेज सोडलं. मी तेव्हा संशोधनासाठी परगावी होते. कुणीतरी घरी राहायला हवं होतं, आणि तिनं कधी त्याबद्दल ब्र काढला नाही.

जेवणानंतर ती आणि हे स्वयंपाकघरात दार लोटून बसले. मी पाणी प्यायला गेले तर दोघं एकदम गप्प. टेबलावरचे कागद ह्यांनी वर्तमानपत्राखाली सरकवले. बावीस तारखेला मला साठ पूर्ण होतात. या वयात ह्या दोघांना गुपचूप काही ठरवायची हौस आहे, बरं वाटलं.

९ सप्टेंबर, सोमवार

आंदोलन झालंच तर काय करायचं, याचा आराखडा आज पक्का केला. कुलसचिव आणि मी सकाळपासून बसलो होतो. कुलसचिव म्हणजे शिस्तीचा माणूस, चहाच्या कपाखालीसुद्धा कागद ठेवतो.

तीन टप्पे आहेत: हिरवा, पिवळा, लाल. हिरव्यात नुसतं लक्ष ठेवायचं. पिवळ्यात चर्चेला बोलवायचं, वर्तमानपत्रांशी एकाच माणसानं बोलायचं, दिलेलं निवेदन मागे घ्यायचं नाही, आणि कुलगुरूंनी स्वतः जमावात जायचं नाही. मालमत्तेची मोडतोड झाली किंवा कुणाला इजा झाली की लाल. लाल झाला की कुलसचिवांनी मला विचारायची वाट न बघता पोलिसांना बोलवायचं.

हे शेवटचं कलम मी दोनदा वाचलं. माझ्या आधीच्या कुलगुरूंच्या काळात आवारात पोलिस आले होते आणि एका मुलीचा हात मोडला होता. पदभार घेताना मी सभागृहात सगळ्यांसमोर बोलले होते, की माझ्या कारकिर्दीत पोलिसांची गाडी या आवारात येणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

कुलसचिव म्हणाले, "मॅडम, आणीबाणीच्या वेळी तुमचा फोन लागला नाही तर? कलम असू द्या. वापरायची वेळ कशाला येतेय?"

ते खरंच होतं. मी सही केली.

१२ सप्टेंबर, गुरुवार

सुरू झालं. पण हे काय आंदोलन म्हणायचं? घोषणा नाहीत, फलक नाहीत. माझी घोषणांची तयारी होती. संध्याकाळचे विद्यार्थी कामावरून सुटून आले आणि मुख्य इमारतीच्या पायऱ्यांवर बसले. कुणीतरी चाकाचा फळा ढकलत आणला. संध्याकाळच्या वर्गांना गणित शिकवणाऱ्या जाड्या मास्तरांनी त्यावर शिकवायला सुरुवात केली. साडेआठला फळा पुसला आणि सगळे घरी गेले.

मी सहा वाजताच घरी आले होते, हे सगळं कुलसचिवांनी फोनवर सांगितलं. "शिकवतायत म्हणजे नक्की काय करतायत?" मी विचारलं.

"शिकवतायत, मॅडम."

आराखड्यात हे बसत नाही. तूर्त हिरवा.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

आज पायऱ्या भरल्या. फाटकावरच्या यंत्रात कार्ड टेकवलं की विद्यार्थ्याला हिरवा दिवा लागतो, बाहेरच्या माणसाला लाल. कुलसचिवांनी नोंदी काढल्या: बसलेल्यांपैकी बहुतेकांना लाल. तळपायाची आग मस्तकात गेली. कुणीतरी बाहेरून माणसं आणून बसवतंय आणि आम्ही बघत बसलोय.

वर्तमानपत्रांना निवेदन दिलं: या आंदोलनात मोठ्या संख्येनं बाहेरचे लोक सामील आहेत, विद्यापीठाचे खरे विद्यार्थी त्यांच्या मागे नाहीत. वाक्यं माझीच. चांगली झाली आहेत.

घरी वाचून दाखवलं तर हे म्हणाले, "तू गेलीस का बघायला, कोण बसलंय ते?"

"नोंदी आहेत ना."

"नोंदी आहेत," हे म्हणाले आणि फिरायला निघून गेले. हल्ली रोज संध्याकाळी दीड-दोन तास फिरतात. वजन काही कमी होताना दिसत नाही.

१६ सप्टेंबर, सोमवार

पिवळा. त्यांच्यातल्या एकीला चर्चेला बोलावलं. इस्पितळात नर्स आहे, पस्तिशीची, रात्रपाळी करून सरळ आली होती. खुर्चीत टेकली आणि माझ्या पुढ्यात आपलं कार्ड ठेवलं.

"मी बाहेरची का, मॅडम? तिसरं वर्ष आहे माझं इथं."

मी कुलसचिवांकडे बघितलं. त्यांनी संगणक विभागाला फोन लावला. बराच वेळ "हं, हं" करत राहिले. झालं होतं ते असं: वर्ग बंद करायचा ठराव झाला त्याच दिवशी विभागानं संध्याकाळच्या सगळ्यांची कार्डं बंद करून टाकली. सत्र संपेपर्यंत थांबायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. म्हणजे लाल दिवा त्यांना लागत होता तो आमच्यामुळे.

"मग इतके दिवस आत कसे येता?"

"दरवान ओळखतात. सोडतात."

मी म्हटलं, कार्डं उद्याच्या उद्या सुरू होतील. ती म्हणाली, "आणि पेपरात आलंय ते? माझ्या सासूनं वाचलं. विचारते, तू जातेस कुठं रोज?"

मनात आलं, चूक झाली म्हणून टाकावं. पण निवेदन मागे घेतलं की पुढच्या प्रत्येक शब्दावर लोक शंका घेतात, म्हणून तर ते कलम आहे. मी म्हटलं, "योग्य वेळी खुलासा करू."

तिनं कार्ड उचललं. दारात थांबून म्हणाली, "तुम्ही एकदा खाली या ना. आमच्यात तुमच्या वयाच्यासुद्धा आहेत. काही करत नाही आम्ही. बेरजा करतो."

बोलणं मला जरा आगाऊ वाटलं. तरी बाई सरळ आहे.

१७ सप्टेंबर, मंगळवार

बारकीला काल संध्याकाळी फोन केला, उचलला नाही. हल्ली संध्याकाळी कधीच उचलत नाही. आज सकाळी तिचा आला.

"ताई, पेपरात तू म्हणालीस ते खरं आहे?"

"कार्डांचा घोळ झालाय. होईल नीट."

"मग तसं सांग ना लोकांना."

"तुला नाही कळायचं. असं एकदम मागे नाही घेता येत."

ती म्हणाली, "एक ऐकशील? एक दिवस संध्याकाळी थांब तिथं. खाली उतर. नुसतं बघून जा."

नर्सचंच वाक्य. गावभर सगळे मला पायऱ्या उतरायला सांगायला लागलेत. मी तिला म्हटलं, "कुलगुरूंनी जमावात जायचं नसतं, तसं लिहिलंय आराखड्यात."

"कुणी लिहिलंय?"

"मीच."

ती हसली. नेहमीसारखं नाही हसली. मी म्हटलं, रविवारी येतेयस ना? तर म्हणे, "रविवारी काय आहे?" छान नाटक करते.

१९ सप्टेंबर, गुरुवार

आज एक उपाय सापडला आणि माझा मलाच अभिमान वाटला. कुणाला हटकायचं नाही, कुणाला उठवायचं नाही. पायऱ्यांवरचे दिवे फक्त सात वाजता बंद करायचे. वीज वाचवण्याचं कारण आहेच. अंधारात फळा दिसणार नाही, लोक आपोआप घरी जातील. कुणाच्या केसालाही धक्का नाही.

कुलसचिव म्हणाले, "मॅडम, वा." मी त्यांच्या तोंडून "वा" पहिल्यांदाच ऐकलं.

घरी सांगितलं तर हे ताटावरून उठले. "अंधारात पायऱ्या?" एवढंच म्हणाले. मग टॉर्च शोधत बसले. म्हटलं कशाला हवाय, तर म्हणाले, "फिरायला."

२० सप्टेंबर, शुक्रवार

सगळं क्रमानं लिहिते, नाहीतर उद्या मीच मला वेगळं काही सांगेन.

सातला दिवे गेले. लोक उठले नाहीत. मोबाईलच्या उजेडात थोडा वेळ वर्ग चालला. मग जाडे मास्तर म्हणाले, आज इथंच थांबू. दोघं-तिघं फळा उचलून दारातून आत न्यायला लागले. अंधारात एकाचा पाय चुकला, फळा निसटला आणि मुख्य दाराच्या काचेवर जाऊन आदळला. काच फुटली. एवढंच. कुणी दगड मारला नाही, कुणी हात उगारला नाही. कुलसचिवांना फोन गेला: काच फुटली. मालमत्तेची मोडतोड. लाल. त्यांनी आराखडा उघडला आणि त्यात लिहिलं होतं ते केलं.

मला कळलं तेव्हा गाडी आवारात शिरलेली होती. हे घरी नव्हते. मी तशीच निघाले, घरातल्या चपलांवर.

दिवे तोवर पुन्हा लावले होते. पायऱ्यांवर काचा, वह्या, एक डबा उघडा पडलेला. पोलिस एकेकाला हाताला धरून गाडीत चढवत होते. मारहाण नव्हती, आरडाओरडाही नव्हता. लोक आपले रांगेत उभे होते, हेच मला बघवेना. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांचे चेहरे बघत होते. पिकलेले केस होते, कामाचे कपडे होते. नर्स होती. जाड्या मास्तरांच्या कोटाला खडू लागलेला होता.

आणि गाडीच्या आत, खिडकीच्या जाळीशी, बारकी.

मला आधी वाटलं ती कुणाला सोडवायला आलीय. खरंच तसंच वाटलं. मग तिच्या मांडीवरची वही दिसली आणि गळ्यातलं कार्ड दिसलं, आणि सगळे रविवार, सगळे न उचललेले फोन एकदम डोक्यात शिरले.

मी ओरडले, "बारके! उतर खाली!"

सगळे वळले. अधिकारी पुढे आला. "मॅडम, तुमच्या कोण?"

"बहीण. माझी सख्खी बहीण आहे ती, सोडा तिला."

"माफ करा मॅडम, माहीत नव्हतं." त्यानं स्वतः दार उघडलं, हात देऊन तिला उतरवलं. पायऱ्यांवर कुणी हललं नाही. दहा-बारा मोबाईल वर झालेले मला दिसत होते, पण त्याचं काही वाटत नव्हतं. मी तिचा दंड धरला. तिचं अंग थंड पडलं होतं.

"चल घरी," मी म्हटलं.

ती म्हणाली, "आणि बाकीचे?"

"तू आधी चल. बाकीच्यांचं बघते मी नंतर."

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. बाबांच्या खोलीच्या दारात उभी राहून मला स्टेशनवर जाताना बघायची, तसं. मग माझा हात दंडावरून सोडवला आणि म्हणाली, "मॅडम, मला माझ्या वर्गाबरोबर जायचंय."

आणि गाडीत परत चढली. चढताना एक चप्पल निसटून खाली पडली. अधिकाऱ्याला दार लावावं की नाही कळेना. तिनंच आतून ओढून घेतलं.

मी चप्पल उचलली. ती आत्ता इथं टेबलाखाली आहे.

२१ सप्टेंबर, शनिवार

सकाळी चौकीत गेले, कुलसचिवांना बरोबर घेऊन. विद्यापीठाची काही तक्रार नाही असं लिहून दिलं. सगळे सुटले. वर्तमानपत्रवाले बाहेर होतेच. त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "हे बाहेरचे नाहीत. आमचे विद्यार्थी आहेत. मी चुकीचं बोलले होते. काच आमच्या अंधारात फुटली." कुलसचिव जमिनीकडे बघत होते. कलमाबिलमाचं त्यांनी काही काढलं नाही.

बारकीला घरी सोडायला गेले. चप्पल दिली. ती पायात सरकवत म्हणाली, "बरं झालं आणलीस, एकच जोड होता चांगला."

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू मदत केली असतीस. पुस्तकं आणून दिली असतीस, मास्तरांशी बोलली असतीस. मग ती डिग्री तुझी झाली असती, ताई. मला एक माझी हवी होती."

"किती राहिलंय?"

"हे सत्र."

घरी आल्यावर ह्यांच्यावर तोंड टाकलं. तीन वर्षं माझ्या स्वयंपाकघरात बसून माझ्याच बहिणीला गणित शिकवता आणि मला पत्ता नाही! हे ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "तिनं शपथ घातली होती. आणि खरं सांगू? मला फक्त पहिलं वर्ष शिकवता आलं. पुढचं ती मला समजावत होती."

२२ सप्टेंबर, रविवार

आज मला साठ पूर्ण झाली. कुणी काही ठरवलेलं नव्हतं.

२४ सप्टेंबर, मंगळवार

फोटो सगळीकडे आहे. बारकीचा दंड माझ्या हातात, मागे गाडीत बसलेली माणसं. खाली ओळ: बहिणीला उतरवलं, बाकीचे गाडीत. यात खोटं एक अक्षर नाही.

वर्ग बंद करायच्या ठरावाचा फेरविचार करायला शुक्रवारी परिषद बोलावली आहे. मी एकेकाला फोन केले. निम्मे सदस्य वर्ग चालू ठेवायच्या बाजूचे झालेत, निम्मे नाहीत. समसमान मतं पडली तर अध्यक्ष म्हणून माझं मत निर्णायक ठरतं.

आणि इथंच गाडं अडलं. परिषदेवर एक कारखानदार आहेत, वर्ग बंद करण्याच्या बाजूचे. त्यांनी हरकत घेतलीय: ज्या निर्णयाचा फायदा कुलगुरूंच्या जवळच्या नातेवाइकाला होतो त्यात कुलगुरूंना मत देता येत नाही. नियम आहे, आणि योग्यच आहे. मी बाजूला झाले तर बरोबरी फुटत नाही, आणि जुना ठराव कायम राहतो. पायऱ्यांवर बसलेले सगळे घरी जातील, कारण त्यांच्यात माझी बहीण बसली होती. आणि ती माझी बहीण आहे हे जगाला मी ओरडून सांगितलं.

हे सगळं ह्यांना सांगत होते तेव्हा बारकी आतच होती, चहा करत. मला वाटलं तिला भांड्यांच्या आवाजात ऐकू गेलं नसेल. चहा देताना तिनं विचारलं, "म्हणजे माझ्यामुळे अडलंय होय?"

"तुझ्यामुळे नाही. नियमामुळे."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. साखर विसरली होती. मी तसाच प्यायले.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

परिषद सुरू होताच मी उठले. म्हटलं, हरकत मला मान्य आहे, मी या विषयावर मत देणार नाही. अर्धवट उभीच होते तेवढ्यात कुलसचिव म्हणाले, "मॅडम, एक मिनिट. आज सकाळी एक अर्ज आलाय तो आधी वाचावा लागेल."

अर्ज दोन ओळींचा होता. वैयक्तिक कारणामुळे माझा प्रवेश रद्द करावा ही विनंती. खाली बारकीचं पूर्ण नाव. मी ते नाव असं, पूर्ण, कुणाच्या तोंडून किती वर्षांत ऐकलं नव्हतं.

"अर्ज नियमानुसार मंजूर झाला आहे," कुलसचिव म्हणाले. कागद त्यांनी टेबलावर सरळ करून ठेवला. "त्यामुळे हरकतीचं कारण आता उरत नाही."

कारखानदारांनी कागद मागून घेतला, वाचला आणि परत दिला.

रद्द केलेला प्रवेश पुन्हा मिळतो, पण पहिल्या वर्षापासून. हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. मला ओरडावंसं वाटत होतं, की थांबा, तो अर्ज परत द्या, ती असंच करते, तिला नेहमी असंच करायची सवय आहे, आणि आम्ही नेहमी करू देतो. पण मी अध्यक्षांच्या खुर्चीत होते.

मतं झाली. बरोबरी. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

हात वर केला तर तिचं जाणं कारणी लागणार होतं. नाही केला तर तेही फुकट. मी हात वर केला. इतका जड हात मी कधी उचलला नव्हता. ठराव मंजूर झाला, संध्याकाळचे वर्ग चालू राहतील. बाहेर थांबलेल्या नर्सला कुणीतरी सांगितलं असावं, कारण पायऱ्यांवरून टाळ्या ऐकू आल्या.

तशीच चष्म्याच्या दुकानात गेले. ती एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवत होती. "खाली बघा. आता वर. टोचतंय का कुठं?" मी बाकावर बसून राहिले. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाली, "झालं?"

"झालं."

"मग रडतेस कशाला वेडे? आण तो चष्मा इकडे, भिजलाय सगळा."

मी म्हटलं, मी राजीनामा देते, तू परत प्रवेश घे. ती काच पुसत म्हणाली, "आणि मग लोक म्हणतील आधीच ठरलं होतं दोघींचं. ठराव पुन्हा उघडतील. नको ताई. एकदा तरी मी केलेलं तसंच राहू दे."

४ ऑक्टोबर, शुक्रवार

आज संध्याकाळी घरी गेले नाही, कार्यालयातच थांबले. पहिल्यांदाच. सहा वाजले आणि माणसं यायला लागली, कामाच्या कपड्यांत, डबे हातात, अर्धी धावत. फाटकावर एकामागून एक हिरवा दिवा लागत होता. नवी काच बसलीय. वर्ग तळमजल्यावर भरतो, पायऱ्यांना लागूनच. मी वरच्या खिडकीतून बघत होते आणि मग सरळ जिना उतरून खाली आले. कुणी अडवलं नाही. अडवणार कोण, कलम माझंच होतं.

जाड्या मास्तरांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. आज जरा जास्तच मोठ्यानं बोलत होते. खिडकी सताड उघडी होती आणि फळा नेहमीच्या भिंतीला नव्हता, तिरका ओढून खिडकीसमोर आणलेला होता. मला आधी कारण कळेना.

मग पायऱ्यांकडे बघितलं. सगळ्यात खालच्या पायरीवर, खिडकीच्या बरोबर समोर, बारकी बसली होती. मांडीवर वही, शेजारी हे टॉर्च धरून. दोघंही वर फळ्याकडे बघत होते. तिनं काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. ह्यांनी वाकून विचारलं तर हातानंच गप्प बसवलं.

फाटकावरचा दरवान माझ्या मागोमाग आला होता. नवा आहे, विद्यार्थ्यांपैकी कुणाला ओळखत नाही. हळूच म्हणाला, "मॅडम, त्या बाई बाहेरच्या आहेत. कार्ड टेकवलं तर लाल लागला. तुमचे साहेब बरोबर होते म्हणून सोडलं. उठवू का?"

नियमानं तो बरोबर होता. ती आता खरंच बाहेरची होती.

"नको," मी म्हटलं. "पायऱ्यांवरचे दिवे लावा. सगळे. आणि वर्ग सुटेपर्यंत बंद करू नका."

दिवे लागले. बारकीनं डोळ्यांवर हात धरून इकडे बघितलं, मी दिसले तिला. हात केला नाही, हसलीही नाही. थोडी बाजूला सरकली आणि पायरीवर जागा केली.

मी जाऊन बसले. फळ्यावरचं मला काहीही कळत नव्हतं.